हिशेब एक, स्क्रीन तीन

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांना मी सॉफ्टवेअर करून देतो. थाट बहुधा ठरलेला: ऑफिसात बिलाला विंडोज, मुकादमाच्या हातात अँड्रॉइड, सर्व्हर लिनक्सवर. स्क्रीन तिन्हीकडे वेगळी असली तरी चालतं, हिशेबाचे नियम मात्र एकाच जागी हवेत. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. ज्यांनी दर कोडमध्येच लिहिले होते, त्यांना तिन्हीकडे हात घालावा लागला. दर डेटाबेसच्या टेबलात ठेवा, लागू तारखेसकट.

कारखान्याच्या एखाद्या विभागात नेट गेलं की फोनला हिशेब स्वतःच करावा लागतो, आणि खरी गंमत इथंच आहे. सर्व्हर आणि फोनचे प्रोग्राम वेगळ्या भाषांत असले, तर राउंडिंगही वेगळं होतं: पायथॉन ३ या भाषेत २.५ राउंड केले, म्हणजे पूर्णांकात आणले, की २ येतात, जावा या भाषेच्या मॅथ.राउंडमध्ये ३. पायथॉन अर्ध्याला जवळच्या सम अंकाकडे नेतो, जावा वर ढकलतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण फोनवरचं चलान (मालासोबतची चिठ्ठी) आणि बिल रुपयानं जुळलं नाही की शेठ विचारणार, "रुपया कुठं गेला?" त्यांना सम अंक समजावून बघा!

म्हणून रक्कम पूर्णांक पैशांत साठवा आणि राउंडिंगचं फंक्शन स्वतः लिहा. मग एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) करा: नग, दर, सूट, कर, अपेक्षित रक्कम. बरोबर अर्ध्यावर येणाऱ्या रकमा मुद्दाम घाला. तिन्हीकडच्या टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्राम, हीच फाइल वाचतील. एक ओळ जरी चुकली तरी नवी आवृत्ती कारखान्यात न्यायची नाही.

फाइलची नावं सगळी स्मॉल लेटरमध्ये. विंडोज कॅपिटल-स्मॉल एकच धरतं, लिनक्स नाही. ऑफिसात दिसणारा चादरीचा फोटो सर्व्हरवर गायब होतो तो त्यामुळेच. मजकूर सगळीकडे यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड या सर्व लिप्यांच्या अक्षरसंचाच्या साठवणपद्धतीत. ₹ हे चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली आलं, त्यामुळे जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरकडून त्याची अपेक्षा नको. तिथं इंग्रजी अक्षरांत आर-एस छापा.

कोपऱ्यात एखादं विंडोज ७ असतंच. पायथॉन ३.८ च्या पुढची आवृत्ती त्यावर चालत नाही. मशीन बदलणार की नाही, हे काम घेतानाच ठरवा.

अपडेट देताना आधी सर्व्हर, तोही जुन्या फोनचा डेटा घेईल असा. फोनवरची आवृत्ती हळूहळू बदलते. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत अपडेट देऊच नका, काही अडलं तर फोन लावायला मुकादम जागेवर नसतो.