बॉर्डर उघडेल म्हणून कांद्याचं क्षेत्र वाढवू नका, टिकणारा कांदा करा

उन्हाळ कांद्याचं रोप लागणीला आलंय आणि ग्रुपवर मेसेज फिरतायत की भारत-पाकिस्तान बोलणी होणार, पंजाबातलं अटारीचं बॉर्डर नाकं उघडणार, कांदा डायरेक्ट लाहोरला जाणार. उघडलं तर चांगलंच आहे, अमृतसरहून लाहोर जेमतेम ५० किलोमीटर. पण त्या भरवशावर दोन एकर जास्त लावायची घाई नको.

फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा झालं, आपण तिकडच्या मालावर २०० टक्के ड्युटी लावली, ऑगस्टमधे त्यांनी व्यापारच थांबवला, मग पहलगामनंतर एप्रिल २०२५ ला अटारी बंद आणि मे मधे तिकडचा सगळा माल बंद, तिसऱ्या देशातून फिरवून आणलेला सुद्धा. १० मे ला गोळीबार थांबला म्हणून काय ट्रक सुरू झाले नाहीत. शिवाय गेट उघडलं की माल दोन्हीकडून चालतो हे आपण विसरतो, डिसेंबर २०१० ला आपल्याकडे कांदा कडाडला तेव्हा पाकिस्तानचाच कांदा या रस्त्याने आला होता, आणि जानेवारीत त्यांनी तो रस्ता बंद पण केला.

खरं सांगू का, मला अटारीपेक्षा दिल्लीची जास्त धास्ती वाटते. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, मे २०२४ ला उठवली तर टनाला किमान ५५० डॉलर निर्यातभावाची अट आणि वर ४० टक्के निर्यात ड्युटी, ती पूर्ण गेली १ एप्रिल २०२५ ला. तेवढ्यात आखातातलं आपलं गिऱ्हाईक पाकिस्तानी कांदा घ्यायला लागलं. बांगलादेश मोठा खरेदीदार, पण त्यांचा स्वतःचा कांदा निघाला की तेही आयात आवळतात.

म्हणून माल लगेच न विकता साठवून ठेवता आला पाहिजे. एन-२-४-१ किंवा भीमा शक्ती असं टिकणारं वाण लावा. युरिया लागणीनंतर ४५ दिवसांच्या आत संपवा, उशिरा टाकला की कांद्याच्या माना जाड होतात आणि चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधे) सड लागते, इथेच बरेच जण फसतात. काढणीआधी १०-१५ दिवस पाणी तोडा, निम्म्या माना पडल्या की काढा. शेतात तीन दिवस असा पसरा की पुढच्या ओळीची पात मागच्या कांद्यावर येईल, उन्हाने चटका बसत नाही. मग एक-दीड इंच मान ठेवून पात कापा, सावलीत १०-१२ दिवस सुकवा आणि चाळीत थर चार-पाच फुटांच्या वर नको, खालून हवा खेळू द्या.

जोड कांदा, डेंगळे (फुलाचा दांडा) आलेला, गोल्टी (बारीक कांदा) हे चाळीत अजिबात टाकू नका, मार्केटला काढा. बाकीचा टप्प्याटप्प्याने विका, म्हणजे खरंच बॉर्डर उघडली तर चाळीत माल असेल आणि नाही उघडली तरी सगळा एकाच भावात गेलेला नसेल.