लगामाचे हुक, बक्कल आणि कड्या घेताना या चुका टाळा

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडा घेणारा दात बघतो, भोवरे बघतो, चाल बघतो. लगाम मात्र चकाकी बघून उचलतो. दगा देते ती बहुधा पट्टा आणि तोंडातली कडी जोडणारी जागा.

सगळ्यात महागात पडतो तो निकेलचा मुलामा दिलेला ओतीव जस्ताचा हुक. हलक्या प्रतीचं ओतकाम वाकून इशारा देत नाही, झटक्यासरशी मोडतं. वरातीत फटाका वाजला आणि घोडीनं मान झटकली, एवढं पुरतं. चुंबकावर विसंबू नका. चिकटला तर आत लोखंड-पोलाद आहे, मुलामा उडाला की घामानं गंजणार. नाही चिकटला तर पितळ, स्टेनलेस, जस्त यांपैकी काहीही असेल. आतल्या बाजूला कानशीनं घासून बघा. तांबूस रंग दिसला म्हणून थांबू नका, जस्तावर निकेलच्या आधी तांब्याचा पातळ थर देतात. आणखी घासल्यावर पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर जस्त समजा. दुकानदार घासू देत नसेल तर सामान तिथंच ठेवा.

स्वारीच्या लगामाला स्प्रिंगचा हुक मुळात नकोच. फुफाटा खिट्टीत, म्हणजे हुकाचं तोंड बंद करणाऱ्या स्प्रिंगच्या दांडीत, बसतो आणि ती अर्धवट मिटते. शिवलेला जोड सगळ्यात भक्कम, त्याखालोखाल बक्कल. हुक वापरायचाच तर निघण्याआधी खिट्टी 8-10 वेळा दाबून सोडा. दर वेळी ती आपोआप पूर्ण मिटली पाहिजे. अडकली तर साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशनं धुवा, वाळवा, खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा. तरीही अडकते? बदला. तार गुंडाळून चालवायचा उद्योग नको.

16 मिमीच्या पट्ट्याला 20 मिमीचं बक्कल लावलं की पट्टा आत सरकतो, जीभ तिरकी बसते आणि भोक लांबट होत फाटतं. माप तंतोतंत घ्या. पट्टा जोडायची कडी तार वाकवून केलेली नको. सांधा पूर्ण वेल्ड केलेला हवा, अंगठा फिरवल्यावर टोचता कामा नये.

चामडं कडीभोवती जिथं दुमडतं तिथं घाम मुरतो आणि ते आतून तडकतं. बक्कल सोडून ती घडी उलटी वाकवून बघा. तडे दिसले तर तेवढा भाग कापून चांभाराकडून पुन्हा शिवून घ्या, पण दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या ठेवा. नुसतं रिव्हेट ठोकलं तर सगळा ताण एका भोकावर येतो.

आणि लगामानं घोडा बांधू नका. घोड्यानं मागं ओढ घेतली की तोंडातली कडी जबड्यावर बसते, जीभ-ओठ फाटतात आणि चांगलं बक्कलही वाकतं. बांधायला मोहरकी (तोंडात कडी नसलेली, डोक्यावर चढवायची दोरी) आणि अगाडी (पुढून बांधायचा दोर) वेगळी ठेवा.