खलाशांची चिनी सुई घरी कशी करायची

ही सुई म्हणजे जुनं चिनी होकायंत्र. शिवणाची लांब सुई आणि जरा दमदार चुंबक घ्या. चुंबकाचं उत्तर टोक नेढ्यापासून अणीपर्यंत तीस-चाळीस वेळा घासा, तेही एकाच दिशेनं. परत येताना चुंबक उचलून आणायचा. मागेपुढे घासलंत तर मेहनत वाया. आता अणी दक्षिणेकडे वळेल. चिनी भाषेत या वस्तूचं नावच 'दक्षिण दाखवणारी सुई', म्हणून मीही उत्तरेचा हट्ट धरत नाही.

१०८८ च्या सुमारास शन क्वो या चिनी अधिकाऱ्यानं सुई ठेवायच्या चार रीती लिहिल्या: पाण्यावर, नखावर, वाटीच्या काठावर आणि रेशमाला टांगून. नखावरून ती लगेच घसरते, हे तोच सांगतो. त्याला आवडायची टांगलेली. नव्या रेशमाचा एकच तंतू, सुईच्या मध्यावर मोहरीएवढं मेण, आणि वारा नसलेली जागा. मी आधी रिळाचा दोरा वापरला. त्याचा पीळ सुटत राहिला आणि सुई गरगरत बसली. मग आईच्या जुन्या रेशमी साडीची एक दशी काढली, तिच्यातला एक बारीक तंतू सोडवला. पंखा बंद केला, लोखंडी कपाटापासून लांब आलो. पाच मिनिटांत सुई स्थिर! सुई दक्षिणेपासून किंचित पूर्वेला झुकते, हेही शन क्वोनं टिपलंय. आपल्याकडे तो फरक एका अंशाच्याही आत असल्यानं डोळ्यांना कळत नाही.

आता तोच रेशमी तंतू हातात धरून चाला. सुई नुसती नाचेल. जहाजावर पाण्याचं भांडंच का चाललं असेल, ते इथे कळतं. ज्वारीच्या ताटाचा गर बोटाच्या पेराएवढा कापा, सुई त्यातून आडवी घाला आणि परातीत सोडा. परात स्टीलची नको, पितळेची घ्या.

१११९ च्या एका चिनी पुस्तकात तांडेलांचा शिरस्ता दिलाय: रात्री तारे, दिवसा सूर्य, आभाळ भरलं की सुई. १४०५ ते १४३३ मध्ये झेंग ह या चिनी दर्यासारंगाचे ताफे कालिकत, इराणी आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ आणि आफ्रिकेपर्यंत गेले, तेव्हाही वाट सुईच्या दिशांत सांगितली जायची. त्यांचा दुभाषी मा ह्वान कालिकतला चकित झाला तो वेगळ्याच गोष्टीनं: तिथले लोक हिशेब हातापायांच्या वीस बोटांवर करतात आणि चुकत नाहीत!

परातीभोवती कागदाचं कडं ठेवून चिनी होकायंत्रासारख्या २४ खुणा करा, दर १५ अंशांवर एक. काम झालं की सुईला तेलाचं बोट लावा. माझी पहिली दोन दिवसांत गंजली.