लहान जंगलासाठी यंत्रं: काय विकत घ्यावं, काय भाड्यानं आणावं, काय वाटून वापरावं

माझा धंदा लहान इंजिनं दुरुस्त करण्याचा. जंगलाचे छोटे मालक जे जे बिघडवतात, ते माझ्या बाकावर येतं. शिवाय काही मालकांनी मिळून घेतलेल्या यंत्रांच्या वह्याही मीच ठेवतो. यंत्र कशानं बंद पडतं आणि कशानं परवडत नाही, हे दोन्ही त्यामुळे बघायला मिळतं. पाच-दहा हेक्टरच्या आसपास झाडी असलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

पहिला सल्ला: दुकानात जाण्याआधी जंगलात फिरा. झाड पाडायला काही मिनिटं लागतात. तेच झाड ओढून रस्त्यापर्यंत आणायला अर्धा दिवस जाऊ शकतो. म्हणून नकाशावर आधी वाट आखा. उतार कुठे आहे, ओल कुठे टिकते, ट्रक कुठवर येतो आणि कुठे वळतो, ओंडके रचायला जागा कुठे. जड चाकांखाली माती सगळ्यात जास्त दबते ती पहिल्या काही फेऱ्यांतच. त्यामुळे दर वेळी नवी वाट काढून सगळं रान तुडवण्यापेक्षा एकच वाट ठरवा, छाटलेल्या फांद्या तिच्यावरच अंथरा आणि सगळी ओढाओढ तिथूनच करा. जमीन ओली असेल तर काम थांबवा. हे पटवून देणं मला सगळ्यात जड जातं, कारण ट्रॅक्टर भाड्यानं आणलेला असतो आणि मालकाची नजर घड्याळावर.

वाट ठरली की कुठली झाडं काढायची ते ठरवा. विरळणी म्हणजे वाकडी, रोगट, एकमेकांना दाबणारी झाडं काढून उरलेल्यांना उजेड देणं. काढायच्या झाडांवर रंगाची खूण करा आणि ती खूण झाडं उभी असतानाच नीट विचार करून करा. करवत हातात आली की माणसाला घाई होते.

करवत

साखळी करवत मात्र स्वतःची हवी. विरळणीसाठी 50 सीसीच्या आसपासचं इंजिन आणि 15 ते 16 इंची पट्टी (जिच्याभोवती साखळी फिरते ती) पुरते. मोठी करवत घेणारे बरेच भेटतात. दुपारनंतर हात थकतो आणि थकलेल्या हातातली करवत धोक्याची. फांद्या छाटायला बॅटरीवरची करवत मला आवडते. आवाज कमी, कार्ब्युरेटर नाही, म्हणजे माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी तुमचं बरंच.

माझ्याकडे बंद पडून येणाऱ्या पेट्रोल करवतींत जुनं इंधन हे मोठं कारण. मिश्रण साधारण 50 ला 1, म्हणजे एका लिटर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक तेल. तरी आपल्या यंत्राची पुस्तिका पाहा. महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. इंधन आत तसंच राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो.

दुसरं कारण बोथट साखळी. ओळखायची सोपी खूण: धारदार साखळी लाकडाच्या लांब चिपा काढते, बोथट साखळी पिठासारखा भुसा. भुसा दिसला की थांबा. करवतीवर जोर देऊन कापत राहिलात तर पट्टी तापते, क्लच जळतो आणि मग माझं बिल येतं. .325 पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) साखळीला 4.8 मिमीची गोल कानस लागते, बहुतेक साखळ्यांना 30 अंशांचा कोन. प्रत्येक दाताला सारखेच घासे द्या. एका बाजूचे दात लहान झाले की काप तिरका जातो. अधूनमधून दातापुढचा उंचवटाही सपाट कानशीनं खाली घ्या. तो दातापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असावा. फार खाली गेला तर करवत झटके देऊ लागते.

झटक्यांवरून आठवलं. पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही टेकला की करवत उसळून तोंडाकडे येते. साखळीचा ब्रेक रोज तपासा. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांना बोळे आणि संरक्षक पॅन्ट हे करवतीच्या खर्चातच धरा. या पॅन्टमधले लांब धागे साखळीत अडकून तिला थांबवतात. पॅन्टवर वर्ग लिहिलेला असतो: वर्ग 1 सेकंदाला 20 मीटर साखळीवेगापर्यंत तपासलेला, वर्ग 2 मध्ये 24, वर्ग 3 मध्ये 28.

झाड पाडताना पडायच्या दिशेला खोडाच्या व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी खाच घ्या, मग मागून काप द्या आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी न कापता सोडा. ही पट्टी बिजागरीचं काम करते. ती पूर्ण कापली की झाड कुठे पडेल यावर तुमचा ताबा नाही. इतर माणसं झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब हवीत. हे सगळं वाचून शिकायचं नाही, प्रशिक्षण घ्यायचं. आणि एकट्यानं कधीच पाडायचं नाही.

ओढणी

इथे पैसे खर्च करावेत असं माझं मत. ट्रॅक्टर असेल तर मागे जोडायची विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओंडके ओढणारं यंत्र, उत्तम. लहान जंगलाला 3 ते 5 टन ओढीची पुरते. विंचवर लिहिलेली ओढ ड्रमवर (दोर गुंडाळायच्या रुळावर) दोर जवळजवळ संपलेला असतानाची असते. दोराचे थर चढत गेले की ओढ कमी होते, तेव्हा विंच बिघडली म्हणून माझ्याकडे आणू नका. विंचचं पातं जमिनीत रुतवा, ट्रॅक्टरच्या सरळ मागूनच ओढा, आडवं ओढलंत तर ट्रॅक्टर कलंडतो. वळण घ्यायचं असेल तर झाडाला पट्ट्यानं कप्पी बांधा. पण लक्षात ठेवा, दोर कप्पीवरून पूर्ण उलटा वळला की त्या झाडावर आणि पट्ट्यावर जवळपास दुप्पट ताण येतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि कप्पीच्या आतल्या कोनात कोणीही उभं राहायचं नाही.

ट्रॅक्टर नसेल तर पाठीवर नेता येणारी छोटी पेट्रोल विंच मिळते. तिच्या फिरत्या ड्रमला दोराचे तीन-चार वेढे द्यायचे आणि मोकळं टोक हातानं ओढत राहायचं. दोर ड्रमवर साठत नाही, त्यामुळे तो कितीही लांब चालतो. ओंडक्याच्या तोंडाला प्लॅस्टिकचा शंकू घातला की तो मातीत नाक खुपसत नाही.

फळ्या

लाकूड चिरायचं यंत्र घ्यायची हौस बऱ्याच जणांना असते. आधी एक हिशोब करा. साखळी करवतीला जोडायची चौकट स्वस्त, पण तिचा काप साधारण 9 मिमीचा. 25 मिमीच्या फळ्या काढल्यात तर लाकडाचा चौथा हिस्सा भुशात जातो. पट्टा करवतीचा (गोल फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या करवतीचा) काप 2 ते 3 मिमी. मोजकेच चांगले ओंडके असतील तर फिरती पट्टा करवत असणाऱ्याला बोलवा आणि तो यायच्या आधी सगळे ओंडके एका जागी, साफ करून ठेवा. फळ्या रचताना मधे 25 मिमीच्या पट्ट्या एकाखाली एक घाला, टोकांना रंग लावा, वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा. उघड्यावर वाळायला फळीच्या दर 25 मिमी जाडीला वर्षभर धरतात. सरपण विकणार असाल तर ओल 20 टक्क्यांखाली आणा. ओल मोजायचं यंत्र खिशात मावतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजा, बाहेरची साल नेहमी खोटं सांगते.

पैशाची बाजू

प्रत्येक यंत्राला तासमापक लावा. घसारा (वर्षागणिक यंत्राची घटणारी किंमत), व्याज आणि विमा हे यंत्र उभं असलं तरी चालूच राहतात. त्यांना वर्षातल्या तासांनी भागलं की एका तासाचा खरा खर्च कळतो. तास निम्मे झाले की तो हिस्सा दुप्पट. वर्षातून आठवडाभर चालणारी विंच म्हणूनच चार जणांत घ्यावी. जर्मनीत बायर्नमध्ये 1958 साली शेतकऱ्यांनी यंत्रमंडळ काढलं, तिथे ज्याचं यंत्र तो ठरलेल्या दरानं दुसऱ्याला सेवा देतो. मला हा प्रकार सामाईक मालकीपेक्षा बरा वाटतो, कारण यंत्राला एकच धनी राहतो. सामाईकच घ्यायचं असेल तर सांभाळणारा एक माणूस नेमा, वही ठेवा, तासामागे काही रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढा आणि परत करताना साखळीला धार लावलेली असावी हे लिहूनच घ्या.

विक्रीतही एकत्र या. एका मालकाच्या थोड्या लाकडासाठी ट्रक येत नाही, चौघांचं एका रस्त्याला लावलं तर येतो. प्रमाणपत्राचंही तसंच, एफएससी या जंगल नीट सांभाळल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या व्यवस्थेत लहान मालकांना गटानं प्रमाणपत्र घेता येतं आणि तपासणीचा खर्च वाटला जातो.

सौदा करताना मोजणीची पद्धत आधी विचारा. मधला घेर 1 मीटर, लांबी 3 मीटर असा ओंडका घ्या. वर्तुळाच्या हिशोबानं तो 0.239 घनमीटर भरतो. चौथाई घेराच्या जुन्या पद्धतीनं, म्हणजे घेराच्या चौथ्या हिश्श्याचा वर्ग गुणिले लांबी, तोच ओंडका 0.1875 भरतो. दर एकच, मोजणी वेगळी, फरक पाचव्या हिश्श्याहून जास्त. साल धरली की वगळली, मोजणी जंगलात होणार की गिरणीवर, खराब झालेली वाट कोण दुरुस्त करणार, हेही कागदावर घ्या. उभं झाड विकलं तर कटकट कमी आणि भाव कमी. पाडून रस्त्यापर्यंत आणून विकलं तर भाव जास्त, पण अपघाताची आणि विम्याची जबाबदारी तुमची.

यंत्रासाठी अनुदान मिळतंय असं कळलं तर अटी वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका. मंजुरीपत्राच्या आधीच्या तारखेचं बिल अनेक योजनांत चालत नाही, आणि पैसेही बहुधा खरेदीनंतर परत मिळतात. म्हणजे मधल्या काळात पूर्ण रक्कम तुमच्या खिशातून उभी करायची असते. तिची सोय बँकेशी आधी बोलून ठेवा.