आधी कवीचं नाव झाका
सहावी-सातवीच्या मुलांना कवीची शैली ओळखायला शिकवताना बहिणाबाई आणि बालकवी यांच्या दोन-दोन कविता नाव न सांगता मोठ्याने वाचून घ्या. ‘कोणाची?’ यापेक्षा ‘कशावरून?’ हे विचारा आणि पुराव्याचा शब्द अधोरेखित करायला लावा. एकीकडे शेत, चूल, खानदेशी बोली, ओवीची चाल. दुसरीकडे रंगांची उधळण, माणसासारखा वागणारा निसर्ग. ‘भाषा छान आहे’ हे उत्तर मात्र अजिबात चालवून घेऊ नका, त्यातून काहीच हाती लागत नाही. मग ‘पाऊस’ या एकाच विषयावर दोघांच्या ढंगात चार-चार ओळी लिहायला द्या. ओळी फसू देत; ‘हा शब्द बहिणाबाईंचा वाटत नाही’ असं मुलं आपणहून सांगू लागतात.