खाणीच्या पर्यावरण मंजुरीतील अटी उपग्रहचित्रांच्या साहाय्याने कशा तपासाव्यात

‘डोंगर पोखरला जात आहे’ एवढाच मजकूर असलेला दगडखाणीविरुद्धचा अर्ज सहज निकाली काढता येतो. मंजुरीपत्रातील नेमकी अट आणि तिच्या भंगाचा दिनांकित पुरावा एकत्र जोडला, तर मुद्द्याला बगल देणे कठीण होते.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर प्रस्ताव शोधून मंजुरीपत्र आणि, उपलब्ध असल्यास, खाणपट्ट्याच्या सीमेची केएमएल फाइल (नकाशावर सीमारेषा दाखवणारी संगणकीय फाइल) उतरवून घ्यावी. खाणपट्ट्याची हद्द, हरितपट्टा, ओढ्यापासून सोडायचे अंतर अशा वरून दिसू शकणाऱ्या अटीच तपासायला घ्याव्यात. धुळीचे प्रमाण किंवा उत्खननाची खोली या चित्रांवरून सिद्ध होत नाही.

ही फाइल गूगल अर्थ प्रोमध्ये उघडून मंजुरीपूर्वीचे आणि मंजुरीनंतरचे चित्र पाहावे. येथे घाई करू नये. प्रत्येक चित्राची तारीख नोंदवावी आणि शक्यतो एकाच ऋतूतील चित्रे निवडावीत, कारण पावसाळ्यातील हिरवळ उन्हाळ्यात नसते आणि तेवढ्यावरून वृक्षतोड झाली असे म्हणता येत नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची विनामूल्य चित्रे ठरावीक दिवसांनी मिळत असली, तरी त्यांतील एक बिंदू जमिनीवर १० मीटरचा असतो. त्यामुळे चार-पाच मीटरच्या अतिक्रमणाचा दावा त्यांच्या आधारे करू नये. सीमारेषाही कधी सरकलेली असते, म्हणून ती ‘महाभूनकाशा’ या राज्याच्या जमीन-नकाशांच्या संकेतस्थळावरील गटाच्या हद्दीशी पडताळावी आणि अर्जात थेट आरोप करण्याऐवजी प्रत्यक्ष मोजणीची मागणी करावी. अधिकृत मोजणीचा अहवाल हाती आला की पुढच्या कारवाईला पक्का आधार मिळतो.

प्रकल्पधारकाने दर वर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल द्यायचा असतो. तो संकेतस्थळावर नसेल, तर माहिती अधिकारात मागावा. झाडे लावल्याचा दावा त्यात असेल, तर त्याच जागेचे त्यानंतरचे चित्र आणि स्थाननोंद असलेले छायाचित्र जोडावे. माझ्या मते अशी विसंगती हाच अर्जातील सर्वांत भक्कम मुद्दा ठरतो.

अर्ज मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी यांना द्यावा व पोच घ्यावी. मंजुरीलाच आव्हान द्यायचे असल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवसांची असते. पुरेसे कारण दाखवल्यास न्यायाधिकरण ती आणखी ६० दिवसांपर्यंत वाढवू शकते.