क्लिपबोर्ड हिस्टरीतून मजकूर जोडताय? या चुका टाळा

ग्रामसभेचा ठराव असो की बचत गटाचा अहवाल, चार ठिकाणचं कॉपी करून एकात जोडायचं काम आपल्या मराठवाड्यात प्रत्येक झेरॉक्स-नेटच्या दुकानात चालू असतं, आणि बहुतेक जण अजून एक कॉपी, एक पेस्ट, परत मागं जा, असंच करत बसतात. अहो, विंडोजमध्ये २०१८ पासून क्लिपबोर्ड हिस्टरी आहे, म्हणजे आधी कॉपी केलेल्या तुकड्यांची यादी. विंडोजचं बटन धरून व्ही दाबा, पहिल्यांदा चालू करायचं विचारतंय, करा.

पण तिच्याकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. ती साठवते, जोडून देत नाही, एका टायमाला एकच तुकडा पेस्ट होतो. सगळं एकदम पाहिजे तर वर्डमध्ये होम टॅबवर क्लिपबोर्डच्या कोपऱ्यात बारका बाण आहे तो दाबा, खिडकी उघडी ठेवून कॉपी करत जा, २४ तुकडे मावतात, मग पेस्ट ऑल. सुरुवातीला क्लिअर ऑल मारायचं मात्र विसरू नका, नाहीतर मागच्या गिऱ्हाईकाचा पत्ता पुढच्याच्या अर्जात. आणि ज्या क्रमानं कॉपी केलं त्याच क्रमानं उतरतंय, म्हणून तारीख शेवटी उचलली तर ती शेवटीच येणार. वर्ड नसंल तर डिट्टो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, त्यात कंट्रोल धरून पाहिजे ते तुकडे निवडून एंटर मारता येतो.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो फॉन्ट. जुन्या फायली कृतिदेव नाहीतर शिवाजीमध्ये असतात, आणि आपण 'साधा मजकूर म्हणून पेस्ट' करतो, की झाली इंग्रजी अक्षरांची खिचडी! मजकूर गेलेला नसतो बरं का, तेवढाच भाग सिलेक्ट करून तोच फॉन्ट परत लावला की मराठी दिसतं. पण युनिकोडच्या, म्हणजे आजकालच्या, कुठल्याबी कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या मराठीच्या ओळी मधी मधी घुसल्या असतील तर निवडत बसा. म्हणून जुना तुकडा आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करा, जोडाजोडी नंतर.

एक्सेलमध्ये जोडलेला मजकूर चार रांगांत पसरला तर सेलवर डबल क्लिक करून आत पेस्ट करा, एकाच सेलमध्ये बसतो.

विंडोजच्या हिस्टरीत २५ च तुकडे राहतात, सव्विसावा आला की सगळ्यात जुना बाहेर. लाईट गेली, कॉम्प्युटर बंद पडला, तर पिन केलेले (यादीत तुकड्याजवळचं पिनचं चिन्ह दाबून राखून ठेवलेले) सोडून सगळं साफ. आपल्याकडं इन्व्हर्टर किती टिकतो ते काय सांगायचं, गाव-तालुका-जिल्हा असलं रोजचं पिन करून ठेवा. आधार नंबर, पासवर्ड मात्र चुकूनबी पिन करू नका, कारण क्लिअर ऑल मारलं तरी पिन केलेलं तिथंच राहतं, ते आधी अनपिन करावं लागतं.